शोभेच्या दारूकामाचा व्यवसाय

शोभेच्या दारूकामाचा व्यवसाय : ज्वलनशील मिश्रणांपासून प्रकाश, रंग, ठिणग्या, धूर किंवा आवाज निर्माण करणाऱ्या वस्तू तयार करण्याचा व त्या उडवून दाखविण्याचा धंदा. हा धंदा करणाऱ्यास मराठीत आतषबाज किंवा दारूकाम करणारा असे म्हणतात. जुन्या आतषबाजाच्या हाती तीन कामे एकत्र असत : मसाला सिद्ध करणे, त्यापासून नळे, बाण, झाडे इ. वस्तू बनविणे आणि प्रसंगी त्या स्वतः उडविणे. गेल्या सुमारे दीड शतकात ही तीन कामे एकमेकांपासून तुटली. मिश्रणाचे ज्ञान रसायनज्ञाकडे व परवाना देणाऱ्या खात्याकडे गेले, उडविण्याचे काम गिऱ्हाइकाकडे गेले आणि मिश्रण हाताळण्याचे, म्हणजे प्रत्यक्ष धोक्याचे, काम तेवढे रोजंदारीवरील कामगाराकडे राहिले. या धंद्याचा अर्वाचीन इतिहास हा मुख्यतः या ताटातुटीचा इतिहास होय आणि त्याच्या भवितव्याचा प्रश्नही तेथेच अडलेला आहे.

‘दारू’ हा शब्द फार्सी असून त्याचा मूळ अर्थ औषध असा आहे. बंदुकीच्या दारूला तमिळमध्ये ‘वेडिमरुंदु’ म्हणतात. त्यातील ‘मरुंदु’ म्हणजेही औषधच. चिनी भाषेतील ‘हुओयाव’ या शब्दाचा अर्थ ‘अग्नीचे औषध’ असा होतो. तीन निरनिराळ्या भाषांत एकच कल्पना यावी, यावरून हे चूर्ण प्रथम वैद्यांच्या व किमयागारांच्या खलात तयार झाले असावे, या मताला पुष्टी मिळते. ‘आतषबाज’ हा शब्दही फार्सीच असून त्याचा शब्दशः अर्थ आगीशी खेळणारा असा आहे.

इतिहास : सोरा (पोटॅशियम नायट्रेट), गंधक व कोळसा यांच्या मिश्रणाचा शोध चीनमध्ये नवव्या शतकाच्या सुमारास लागला. त्याच्या लेखी कृती १०४४ साली संकलित झालेल्या ‘वुजिंग झोंगयाव’ या युद्धशास्त्रावरील चिनी ग्रंथात आढळतात. शुक्रनीतीत अग्निचूर्णाची कृती दिलेली असल्यामुळे ही विद्या भारतात फार प्राचीन काळी होती, असे एकेकाळी आग्रहाने प्रतिपादन केले जाई. परंतु तो भाग बराच उत्तरकालीन असल्याचे आता बहुतेक अभ्यासक मानतात. भारतातील शोभेच्या दारूकामाचा साधार इतिहास लिहिण्याचे श्रेय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांच्याकडे जाते. १४०० ते १९०० या पाच शतकांतील उल्लेख त्यांनी संस्कृत, मराठी व परकीय साधनांतून वेचून काढले व १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. या विषयावरील पुढील बहुतेक लेखन त्यांच्या या संशोधनावरच उभे आहे.

इराणच्या शाहरुखचा वकील अब्दुर रझाक हा १४४३ मध्ये विजयानगर येथे होता. महानवमीच्या उत्सवात त्याने शोभेच्या दारूचे खेळ पाहिल्याचे नमूद केले आहे. ओरिसाचा राजा गजपती प्रतापरुद्र (कार. १४९७–१५४०) याच्या नावावर असलेल्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथात तर दारूकामाच्या कृतीच दिलेल्या आहेत. सोरा, गंधक, कोळसा व लोखंडाचे चूर्ण हेच त्यांतील मुख्य घटक असून भुईनळ्याच्या मसाल्याचा सांगाडा पुढेही मोठ्या प्रमाणावर तोच राहिला. मराठीत एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवर’ या सोळाव्या शतकातील काव्यात विवाहसोहळ्याच्या वर्णनात दारूकाम येते. द्वारकेच्या लग्नात दारू उडणे हा कालविपर्यास खरा, परंतु कवीच्या काळी थाटाच्या लग्नात आतषबाज असणे किती स्वाभाविक झाले होते, हे त्यावरून कळते.

पेशव्यांच्या बखरीत या कलेचे एक सविस्तर चित्र आहे. कोट्याचा राजा दिवाळीच्या चार दिवसांत राजधानीबाहेर ‘दारूची लंका’ उभारतो, ही हकीकत महादजी शिंदे यांनी सवाई माधवरावास सांगितली. मध्यभागी रावण, भोवती राक्षस व वानर आणि एक मोठा हनुमान, सर्व दारूचे. हनुमानाच्या शेपटीस बत्ती दिली की तो आकाशमार्गे जाऊन लंकेतील घरांना एकामागून एक आग लावीत सुटतो, असे ते वर्णन आहे. महादजी १७९२ मध्ये उत्तरेतून पुण्यास आले तेव्हा पेशवा अवघा अठरा वर्षांचा होता. तसा खेळ पुण्यातही व्हावा अशी इच्छा त्याने व्यक्त केली आणि पर्वतीच्या पायथ्याशी काळोख्या रात्री ती लंका जाळण्यात आली. टेकडीवर पुणेकरांची दाटी झाली होती, असे बखरकार सांगतो. तांत्रिक दृष्टीने हे काम सोपे नव्हे. आकृतीचा भार वाहून नेणारा बाण, ताणलेल्या दोरीवरून त्याला मिळणारी दिशा आणि एका घराचे जळणे संपताच दुसऱ्याची वात पेटावी अशी वेळेची जुळणी या गोष्टी साधल्याखेरीज असा खेळ उभा राहत नाही. या वर्णनांत राजा, सरदार व प्रेक्षक यांची दखल घेतलेली असते. आतषबाजाचे नाव मात्र सहसा येत नाही.

नळे, हातनळे, फुलबाज्या, चंद्रज्योती, हवया, बाण अशी नावे जुन्या मराठी लेखनातून वारंवार येतात. त्यांपैकी बाण हा लष्करी व शोभेचा अशा दोन्ही कामांत असे. दारूच्या कोठाराची व्यवस्था हा राज्यव्यवहाराचा विषय होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे व पुन्हा बंद करून तीवर मोहर करावी, असे बजावले आहे. ओल व ठिणगी हे दारूचे दोन शत्रू किल्ल्यावरच्या हवालदाराला माहीत होते. पुढील काळातील अपघातांची कारणे पाहिली, तर त्यांत याहून फारसे वेगळे काही सापडत नाही.

पारंपरिक कारागिरी : कारखानदारीपूर्वीच्या आतषबाजाचा कच्चा माल बहुतांशी आसपासच मिळे. सोरा हा जुन्या वस्तीच्या खारट मातीतून धुवून व आटवून काढीत. बिहारमधील सोरा तर सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपपर्यंत जात असे. कोळसा हलक्या लाकडाचा लागतो. रुई, तुराट्या, एरंड यांचा कोळसा चांगला समजत, कारण तो सच्छिद्र असून लवकर पेट घेतो. बंदुकीच्या दारूत सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० हे प्रमाण स्थूलमानाने ठरलेले आहे. पण नळ्याला इतकी वेगवान दारू चालत नाही. म्हणून कोळसा वाढवून व बिडाचा किंवा पोलादाचा कीस घालून तिचा वेग मंद करतात. कीस जाड असेल, तर ठिणगी उंच जाते व मोठी फुलते. बारीक असेल, तर ती दाट पडते. कीस गंजू नये म्हणून त्याला तेलाचा हात देण्याची रीत होती. हे प्रमाण कागदावर क्वचितच लिहिलेले असे. चिमटीतील मसाला दगडावर जाळून पाहावयाचा, ज्योतीचा रंग, धूर व मागे राहणारी राख यांवरून काय कमी-अधिक आहे ते ठरवावयाचे आणि हवा दमट असल्यास पुन्हा थोडा फेरफार करावयाचा, ही पद्धत बाप मुलास शिकवी.

या धंद्याची मिळकत लग्नसराई, जत्रा, उरूस व दरबारी प्रसंग यांवर अवलंबून असल्यामुळे केवळ त्यावर वर्षभर पोट भरणे कठीण जाई. बहुतेक कारागीर शेती वा अन्य हस्तव्यवसाय सांभाळून हे काम करीत. संस्थानिकांचा आश्रय गेल्यावर तर वर्षातील एखादी जत्रा हाच त्यांचा आधार उरला. सामान्य माणसाच्या दिवाळीत फटाका मोठ्या प्रमाणावर आला, तो विसाव्या शतकात, कारखान्यातील माल स्वस्त झाल्यावर.

रंगाचा प्रवेश : अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत जगातील सर्व दारूकाम पिवळ्या, नारिंगी व पांढऱ्या छटांचेच होते. इटलीतील व पुढे फ्रान्समधील रुज्जेरी घराण्याच्या कारागिरांनी भव्य देखावे उभारले. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २७ एप्रिल १७४९ रोजी हँडेलच्या संगीताच्या साथीने झालेला खेळ विशेष गाजला, त्यात उभारलेल्या मंडपाचा एक भाग पेटला म्हणूनही. परंतु या देखाव्यांतही खरा लाल वा हिरवा रंग नव्हता. क्लोद बेर्तॉले या फ्रेंच रसायनज्ञाने १७८६-८७ च्या सुमारास पोटॅशियम क्लोरेट तयार केले आणि पुढील अर्धशतकात ते दारूकामात रुळले. क्लोरेटामुळे ज्योतीचे तापमान वाढते व क्लोरीन उपलब्ध होतो. त्यामुळे स्ट्राँशियमाचा तांबडा, बेरियमाचा हिरवा व तांब्याचा निळा रंग उठून दिसू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांच्या भुकट्या आल्या आणि लखलखाट वाढला.

याची किंमत कारागिराने मोजली. सोऱ्याची दारू घर्षणाला पुष्कळ सहनशील असते. क्लोरेट व गंधक यांचे मिश्रण तसे नसते. घासले गेल्याने, आपटल्याने किंवा साठवणीत निर्माण झालेल्या अल्पशा आम्लतेनेही ते पेटते. बापाने शिकविलेला हात क्लोरेटाला लागू पडत नव्हता. इंग्लंडमध्ये अशा मिश्रणावर १८९४ साली बंदी आली. भारतात सांप्रत लागू असलेली बंदी २७ जानेवारी १९९२ च्या अधिसूचनेने घातलेली आहे. आगकाड्यांची डोकी व खेळण्यातील पिस्तुलाच्या टिकल्या यांना तीतून वगळले आहे. त्यानंतर आवाजी फटाक्यांत क्लोरेटाऐवजी सोरा, गंधक व ॲल्युमिनियमची भुकटी यांचे मिश्रण रूढ झाले.

कायदा व कारखाना : लंडनमधील दारूकाम एकोणिसाव्या शतकात भर वस्तीतील घरांतून चाले व त्यामुळे वारंवार अनर्थ होत. १८७५ च्या इंग्लिश कायद्याने ते वस्तीबाहेर काढले. त्याच धर्तीवर भारतात १८८४ चा स्फोटक द्रव्य कायदा झाला. याखालील १९४० च्या नियमांनी परवान्याची पद्धत काटेकोर केली. हेतू रास्त होता, पण परिणाम दुहेरी झाला. ज्याच्याकडे गावाबाहेर मोकळी जमीन व भांडवल होते, तो परवानाधारक कारखानदार झाला. ज्याच्याकडे केवळ कसब होते, तो घरी काम करीत राहिला तर गुन्हेगार ठरला. भारतातील पिढीजात आतषबाजाच्या ऱ्हासाचे कारण म्हणून संस्थाने गेल्याचा उल्लेख सामान्यतः केला जातो. त्यापेक्षा हे कारण अधिक महत्त्वाचे वाटते.

तमिळनाडूतील शिवकाशी हे गाव याच काळात पुढे आले. पर्जन्यमान कमी, जमीन नापीक व हाताला काम नाही, अशी तेथील स्थिती होती. पी. अय्या नाडर व ए. षण्मुग नाडर हे दोन भाऊबंद १९२३ च्या सुमारास कलकत्त्यास जाऊन आगकाड्या तयार करण्यास शिकले व परत येऊन त्यांनी आगपेट्यांचे कारखाने काढले. आगकाडीनंतर रंगीत काडी व रंगीत काडीनंतर फटाका हा क्रम स्वाभाविक होता. १९४० चे नियम आणि दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशी मालाची थांबलेली आवक या दोहोंचा लाभ घेऊन तेथे फटाक्यांचे संघटित कारखाने उभे राहिले. शेती बुडविणारी कोरडी हवा दारू वाळविण्यास उत्तम ठरली. वेष्टनांच्या गरजेतून त्याच गावात छपाईचा मोठा धंदा वाढला व पुढे दिनदर्शिकांसाठी तो देशभर प्रसिद्ध झाला. देशातील सु. नऊ-दशांश फटाके शिवकाशी व तिच्या परिसरात होतात, असे सामान्यतः मानले जाते. हा भाग १९८५ पूर्वी रामनाथपुरम् जिल्ह्यात होता. तो आता विरुदुनगर जिल्ह्यात मोडतो.

कामाचे स्वरूप : फटाक्यांचा कारखाना ही एक इमारत नसते. मोकळ्या माळावर एकमेकींपासून ठरावीक अंतरावर बांधलेल्या छोट्या खोल्यांचा तो समूह असतो. एक खोली उडाली, तरी शेजारची वाचावी हा या अंतराचा उद्देश होय. दारे बाहेर उघडणारी असतात. मिश्रणाच्या खोलीत दोन व अन्य कामाच्या खोलीत चारच माणसांनी बसावे, असा दंडक आहे. लोखंडी अवजार चालत नाही. लाकूड, पितळ वा ॲल्युमिनियम वापरतात. अंगावर सुती कपडे असावेत, पायांत वाहणा नसाव्यात, जमिनीवर रबरी चटई असावी, कारण कृत्रिम धाग्याच्या कपड्यावर साठणारी स्थिरविद्युत् मिश्रण पेटविण्यास पुरेशी असते.

मिश्रणाचे व भरणीचे काम सकाळच्या थंड वेळात उरकावयाचे असते. चाळून घेतलेली चूर्णे कागदावर वा चाळणीवर हलक्या हाताने एकत्र करतात. या पाच-दहा मिनिटांत तो एक माणूस संपूर्ण कारखान्याचा धोका अंगावर घेत असतो. ॲल्युमिनियमची भुकटी त्याच्या केसांत, भुवयांत व नखांत बसते, आणि कारखान्यातील त्याचे काम कोणते हे त्याच्या चंदेरी हातांवरून सहज ओळखता येते. नंतर पुठ्ठ्याच्या नळकांड्यांत मसाला भरतात, वात बसवितात, तोंड बंद करतात. मोठ्या आवाजाच्या फटाक्यावर सुतळीचे वेढे घट्ट आवळावे लागतात, कारण कोंडलेला वायू जितका अडविला जाईल तितका आवाज मोठा होतो. फुलबाजीचे काम यापेक्षा निराळे आहे. लोखंडी तारा चौकटीत बसवून ओल्या लगद्यात बुडवितात व उन्हात वाळवितात. ओला लगदा सुरक्षित असल्यामुळे हे काम कमी धोक्याचे समजले जाते. उलट, आकाशात रंग उधळणाऱ्या प्रकारांसाठी लागणारे रंगीत मणी वाळविण्याचे काम अतिशय नाजूक होय. अर्धवट वाळलेल्या मिश्रणात ओलावा व ॲल्युमिनियम यांची विक्रिया होऊन आपोआप उष्णता निर्माण होते. म्हणून संध्याकाळी उरलेला मसाला खोलीत ठेवू नये, असा नियम आहे. तो मोडल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडताच स्फोट झाल्याची उदाहरणे आहेत.

मजुरी बहुतेक ठिकाणी नगावर असते व अपघाताचे मूळ पुष्कळदा येथेच आढळते. जो अधिक भरतो त्याला अधिक मिळते; दिवाळी जवळ आली की घाई वाढते, चारांच्या खोलीत सहा-सात बसतात, सावलीत करावयाचे काम झाडाखाली होते. परवानाधारकाने आपल्या खोल्या कंत्राटदारांना भाड्याने देण्याची बेकायदेशीर रीत तर याहून घातक आहे, कारण तेथे जबाबदार फोरमन कोण हेच निश्चित राहत नाही. शिवकाशीजवळील मुदलीपट्टी येथे ५ सप्टेंबर २०१२ रोजी झालेल्या स्फोटांत पस्तीसहून अधिक माणसे मेली. पहिल्या स्फोटानंतर मदतीस किंवा पाहण्यास धावलेल्यांचा त्यांत मोठा भरणा होता.

बालकामगारांचा प्रश्न दीर्घकाळ या परिसराशी निगडित होता. बारीक बोटांना वात बसविणे व काड्या मांडणे सुलभ जाते, हे समर्थन उघडपणे केले जाई. १९८६ च्या बालकामगार कायद्याने आगपेट्या, स्फोटके व फटाके यांच्या निर्मितीत मुलांना लावण्यास मनाई केली. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या निकालात प्रत्येक मुलामागे मालकाने २०,००० रु. भरावेत असा आदेश दिला. यानंतर कारखान्यांच्या आवारातील मुलांचे प्रमाण पुष्कळ घटले; घरोघरी वाटून दिल्या जाणाऱ्या कामावर देखरेख ठेवणे मात्र अवघडच राहिले.

महाराष्ट्रातील केंद्रे : सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील कवठेएकंद येथे दसऱ्याच्या रात्री श्रीसिद्धराजाच्या पालखीपुढे पहाटेपर्यंत दारूकाम होते. लाकडी शिंगटे व औटे ही येथील खास कामे होत. ती बनविणारे बहुतेक शेतकरी व कारागीर असून गावातील निरनिराळी मंडळे आपापले काम पालखीपुढे सादर करतात. मिश्रण, घडण व उडविणे ही तिन्ही कामे एकाच हाती राहिल्याचे हे आता दुर्मिळ झालेले उदाहरण होय. त्याच गावातील एका कारखान्यात २०१५ साली झालेल्या स्फोटात अनेक कामगार दगावले. धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यात असलेले तेरखेडा हे दुसरे केंद्र. तेथील आवाजी फटाके मराठवाड्यात व बाहेरही विकले जातात. अशा ठिकाणच्या लहान उत्पादकांना जिल्हाधिकाऱ्यांकडून एका वेळी १५ किग्रॅ.पर्यंतच्या मर्यादेचा परवाना मिळतो. एवढ्या मर्यादेत धंदा किफायतशीर होत नाही आणि मोठ्या परवान्यास लागणारी मोकळी जमीन बागायती मुलखात मिळत नाही. त्यामुळे मर्यादेबाहेर साठा करण्याचा मोह नेहमीच असतो. केरळात मंदिरांच्या उत्सवांत हीच अडचण अधिक तीव्र स्वरूपात दिसते. तेथील पुट्टिंगल देवळात १० एप्रिल २०१६ रोजी शंभराहून अधिक लोक मेले, तेव्हा चढाओढीच्या त्या दारूकामास जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी नाकारलेली होती.

या क्षेत्राचे नियंत्रण करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. ज्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरीने) तथाकथित हरित फटाका तयार केला, तीही नागपूरचीच. शिवकाशीतील भरणीच्या खोलीत काय मिसळावे, याचा निर्णय अशा प्रकारे बराचसा विदर्भात होतो.

नवे निर्बंध : १९९९ साली फटाक्याच्या आवाजाची कमाल मर्यादा, फुटण्याच्या जागेपासून ४ मी. अंतरावर, १२५ डेसिबेल (एआय) किंवा १४५ डेसिबेल (सी) शिखर अशी ठरविण्यात आली. १८ जुलै २००५ च्या निकालाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजी फटाके उडविण्यास मनाई झाली. २०१७ मध्ये पारा, शिसे, आर्सेनिक, अँटिमनी व लिथियम यांची संयुगे वापरण्यास बंदी आली. २३ ऑक्टोबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या सर्वांत दूरगामी ठरला. त्याने कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांनाच मान्यता दिली, दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ नेमून दिली, बेरियमाच्या लवणांवर बंदी घातली आणि जोडफटाक्यांच्या माळांची निर्मिती बंद केली.

शहरातील वाचकास यातील वेळेची अट सर्वांत ठळक वाटते. कारखान्यात मात्र बेरियम व माळ या दोन अटींचा आघात सर्वांत मोठा झाला. बेरियम नायट्रेट हे हिरव्या रंगासाठीच नव्हे, तर फुलबाजीत व अन्य पांढऱ्या प्रकाशाच्या वस्तूंत ऑक्सिडीकारक म्हणूनही वापरात होते. म्हणजे जे काम सर्वांत कमी धोक्याचे, त्याचाच मसाला गेला. लवंगी फटाक्यांच्या वाती एकमेकींत गुंफून माळ विणण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत. त्यात मिश्रण हाताळावे लागत नसल्यामुळे ते तुलनेने सुरक्षित होते. न्यायालयापुढे प्रश्न हवेचा व श्वसनाच्या विकारांचा होता आणि तो खराच होता. दिल्लीतील मुलांच्या वतीने करण्यात आलेली याचिकाच या प्रकरणाच्या मुळाशी होती. तथापि या बंदीने ज्यांचे काम गेले, त्या विणणाऱ्या स्त्रियांसाठी पर्यायी रोजगाराची सोय त्याच वेगाने झाली नाही, ही गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे.

नीरीने सुचविलेल्या हरित फटाक्याचे स्वास, स्टार व सफल असे तीन प्रकार आहेत. पहिल्यात जळताना पाण्याची वाफ सुटून धूळ दबते. पहिल्या दोहोंत सोरा व गंधक टाळलेले आहेत. तिसऱ्यात ॲल्युमिनियमचे प्रमाण कमी केले आहे. कवच लहान करणे व झिओलाइटासारखी द्रव्ये घालणे हेही उपाय आहेत. त्यामुळे कणरूप प्रदूषणात किमान ३० टक्के घट होते, असा संस्थेचा दावा आहे. याचा अर्थ सत्तर टक्क्यांपर्यंत ते उरते, हे जाहिरातीत सांगितले जात नाही. हे सूत्र मिळविण्यासाठी उत्पादकाला संस्थेशी करार करावा लागतो व वेष्टनावर ओळखचिन्ह छापावे लागते. मिश्रण ठरविण्याचा कारागिराचा उरलासुरला अधिकारही अशा रीतीने संपला आहे. दिल्ली परिसरात पूर्ण बंदीनंतर १५ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने दिवाळीपुरती हरित फटाक्यांना ठरावीक वेळेत पुन्हा परवानगी मिळाली. असे आदेश सणाच्या तोंडावर निघतात, माल मात्र आठ-दहा महिने आधीपासून तयार होत असतो. या अनिश्चिततेचा भार प्रथम कंत्राटदारावर व त्याच्याकडून नगावर काम करणाऱ्यावर येतो.

भवितव्य : पुठ्ठ्याची नळकांडी वळणे, वेष्टने करणे, पेट्या भरणे ही कामे यंत्रावर गेली आहेत. मिश्रण व भरणी यांसाठी दूरनियंत्रित यंत्रे उपलब्ध आहेत. चीनमधील हूनान प्रांतातील लिऊयांग या जगातील सर्वांत मोठ्या दारूकाम केंद्रात त्यांचा वापर वाढत गेला आहे. भारतात त्यांचा प्रसार मंद आहे. त्याचे कारण तंत्रापेक्षा हिशेबात आहे : जोपर्यंत भरणीचा हात यंत्राच्या व्याजाहून स्वस्त पडतो, तोपर्यंत मालक यंत्र घेत नाही. परंतु हा हिशेब बदलू लागला आहे. शिवकाशी परिसरातील कामगारांची शिकलेली मुले छपाईत, दुकानांत व दूरच्या शहरांत कामे शोधतात. दंडक मोडल्यास परवाना रद्द होण्याची भीती, अपघातानंतर द्यावी लागणारी भरपाई व मजुरांची टंचाई यांमुळे यंत्र घेणे पुढेमागे भाग पडेल, अशी चिन्हे आहेत. तसे झाल्यास कामगारांची संख्या घटेल आणि उरलेले काम मुख्यतः यंत्रचालकाचे व प्रमाणपत्रधारक फोरमनचे राहील. मिश्रणाच्या खोलीत बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही घट वाईट म्हणता येणार नाही. तथापि तो माणूस व खोलीबाहेर नळकांडी चिकटवून घर चालविणारी बाई ही एकाच कुटुंबातील असतात.

धंद्याची दुसरी शाखा, म्हणजे जाहीर प्रयोग करून दाखविणे, वेगळ्या दिशेने जात आहे. संगणकाने नियंत्रित केलेल्या विद्युत् ठिणगीने क्षणाच्या अल्पांशापर्यंत अचूक वेळ साधता येत असल्यामुळे वात पेटवून पळणारा माणूस अनेक देशांतील मोठ्या प्रयोगांतून नाहीसा झाला आहे. प्रकाशमान ड्रोनांच्या थव्यांनी आकाशात आकृत्या काढण्याचे प्रयोग अलीकडे होत आहेत. त्यांत धूर व आवाज नसतो, पण पडणारी ठिणगीही नसते. जपानमध्ये आजही गोळ्याच्या आत मणी हाताने रचणारे कारागीर आहेत व त्यांच्या घराण्यांची नावे प्रेक्षकांना ठाऊक असतात. भारतात अशा कसबी कारागिरासाठी परवाना, प्रशिक्षण व विमा यांची स्वतंत्र व्यवस्था नाही. १८८४ च्या कायद्याखालील सध्याचे नियम २००८ चे आहेत. त्यांत कारखाना, साठा, वाहतूक व विक्री यांचा तपशीलवार विचार आहे. कवठेएकंदसारख्या गावात वर्षातून एकदा आपल्या देवापुढे उडविण्यासाठी थोडी दारू तयार करणारा शेतकरी या चौकटीत लहान कारखानदार म्हणूनच मोजला जातो. दसऱ्याआधी त्याची मंडळे परवानगीचे अर्ज करतात, पोलीस व महसूल खात्याची माणसे साठ्याची पाहणी करतात, आणि सुतार मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून शिंगटांसाठी लाकूड कोरीत बसलेले असतात.